खिम्याची लादी

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला की श्रोते मनाशी ठरवून टाकतात : आता किमान वेतन, मग भविष्यनिर्वाह निधी आणि शेवटी मोर्चाचे आमंत्रण. यंदा विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस मिळाली तेव्हा आम्ही खिम्याचे नाव काढले, आणि चालक मंडळी क्षणभर गप्प झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला तो लोकांना शहाणे करण्यासाठी. त्यात आता रटरटणारे पातेले येऊन बसणार काय, अशी शंका त्यांना आली असावी. शंका रास्त होती. परंतु तीस वर्षे यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार भगिनी यांच्यात वावरल्यावर आमचे असे मत झाले आहे की, माणसाच्या मजुरीची खरी गोष्ट त्याच्या पगारपत्रकापेक्षा त्याच्या ताटात अधिक स्पष्ट वाचता येते. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयातले आणि चुलीपुढचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. कृती मात्र पुरी सांगू.

इटलीत पोल्पेत्तोने नावाचा एक पदार्थ करतात. पोल्पेत्ता म्हणजे खिम्याचा लहान गोळा, आपला कोफ्ता. त्याला मोठेपणाचा प्रत्यय लावला की पोल्पेत्तोने, म्हणजे थोरला गोळा. त्याला पावाच्या लादीसारखा लांबट आकार देतात. आम्ही त्याला खिम्याची लादीच म्हणतो, कारण लादीपाव सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे. गोमांसाचा खिमा दोन भाग, डुकराच्या मांसाचे ताजे सॉसेज एक भाग, दुधात भिजवलेला शिळा पाव, अंडी, कांदा-लसूण, किसलेले चीज, वर टोमॅटोचा दाट रस. हे सर्व एकत्र करून भट्टीत भाजावयाचे आणि सुरीने चकत्या कापून वाढावयाचे, एवढाच तो पदार्थ. इटालियन घरगुती स्वयंपाकाचे प्रसिद्ध पुस्तक पेलेग्रिनो आर्तुसी ह्या गृहस्थांनी १८९१ साली छापले, त्यातही पोल्पेत्तोनेला जागा मिळाली आहे. हे आर्तुसी आचारी नव्हते, व्यापारी होते. आमच्यासारख्या उपऱ्यांना त्यांचा मोठा आधार वाटतो.

आता हा पदार्थ जन्मला कशासाठी? श्रीमंतासाठी नव्हे. श्रीमंत माणूस मांडीचा सबंध तुकडा भाजून खातो. खिमा हा ज्याला मानेचे, बरगडीचे, कातडीलगतचे चिवट मांस परवडते त्याचा शोध आहे. चिवट मांसाचे दात चाकूला लावून दिले म्हणजे आपल्या दातांचे श्रम वाचतात. आणि त्यात पाव कालवला की किलोभर मांसात आठांऐवजी बारा जणांची सोय होते. हीच युक्ती आपल्या घराघरांत आहे. खिम्यात बटाटा घालतात, वाटाणा घालतात, हरभऱ्याची डाळ घालतात. पाहुणा वाढला की रश्शात पाणी वाढते, हे तर सर्वांच्या अनुभवाचे. गरिबाचे पाकशास्त्र जगात कोठेही गेलात तरी भागाकारानेच सुरू होते.

१८८० ते १९२० ह्या चाळीस वर्षांत इटलीतून चाळीस लाखांवर माणसे अमेरिकेत गेली, त्यांत दक्षिणेकडचे शेतमजूर फार. गावी त्यांना मांस सणासुदीलाच दिसे. अमेरिकेत गिरणीत, खाणीत, रेल्वेच्या रुळांवर राबून जेव्हा हातात थोडा अधिक पैसा आला, तेव्हा त्यांच्या घरचे खिम्याचे गोळे आकाराने वाढले. कागदावरची पगारवाढ अशी पातेल्यात दिसू लागली. मात्र सर्वांच्याच पातेल्यात ती दिसली असे नव्हे. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील लॉरेन्स ह्या कापडगिरण्यांच्या गावी १९१२ च्या जानेवारीत संप झाला. कायद्याने आठवड्याचे तास ५६ चे ५४ झाले आणि मालकांनी त्या दोन तासांची मजुरी कापली. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. त्यांत इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, बेल्जियन असे अनेक भाषांचे लोक होते. लोकरीचे कापड विणणाऱ्या त्या माणसांच्या मुलांच्या अंगावर लोकरीचे कपडे नाहीत, हे पुढे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षीत आले. मार्चमध्ये मजुरी वाढवून घेऊनच संप मिटला. ह्या संपाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत, कारण त्यात चुलीचा एक धडा आहे.

प्रथम कृती, आणि कृतीबरोबर कारण. कारण कळल्याशिवाय केलेला स्वयंपाक आणि कायदा वाचल्याशिवाय केलेली सही, दोन्ही एकाच मापाची.

आमची पहिली लादी फसली, ती कशी फसली ते आधी सांगतो. संघटनेचे दोन दिवसांचे अभ्यासशिबिर होते, चाळीस माणसे. आम्ही उत्साहाने चार किलो खिम्यात सगळे मीठ एकदम घातले आणि भाकरीचे पीठ मळावे तसा तो अर्धा तास तळहाताने रगडला. भाजून निघाले ते घट्ट, कोरडे, रबरी. सुरी टेकवली की उसळे. एक तरुण सहकारी म्हणाला, “अण्णा, लादी म्हणालात ते खरंच की ओ. अंगणात बसवू या.” सर्व हसले, आम्हीही हसलो, पण चार किलो मांसाचे पैसे कामगारांच्या वर्गणीतले होते, त्यामुळे रात्री झोप लागली नाही. मग शोध घेतला.

मांसाच्या तंतूंत मायोसिन नावाचे एक प्रथिन असते. मिठाने ते विरघळून बाहेर येते आणि चिकट होते. जितके मळावे तितके ते एकमेकांस धरते, आणि आच लागली की घट्ट आवळून आतले पाणी पिळून काढते. सॉसेजमध्ये हीच गोष्ट मुद्दाम करतात. तेथे लवचिक, चावताना तटकन तुटणारा पोत हवा असतो. लादीत तो नको असतो. येथे हवा मऊपणा, पण चकती कापताना भुगा होणार नाही इतकी पकड. म्हणजे थोडे मळलेले आणि पुष्कळसे न मळलेले असे दोन्ही पाहिजे. इटालियन गृहिणी खिम्यात एक तृतीयांश सॉसेज घालते त्याचे मर्म येथे आहे : मीठ घालून मळलेला भाग सॉसेजच्या रूपाने तिला आयता मिळतो, तो पकड देतो, चरबी देतो, मसाला देतो, आणि उरलेला खिमा मोकळा राहून मऊपणा देतो.

आता आमच्या पेठेत इटालियन सॉसेज मिळत नाही, आणि मिळाले तरी ते डुकराच्या मांसाचे. गोव्याचा चोरीस मात्र मराठी माणसाला अनोळखी नाही. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले. त्यांचे सॉसेज तेथे रुजले आणि आपले झाले. डुकराचे मांस, मीठ, माडाच्या ताडीचा शिरका, लाल मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी असा त्याचा थाट. आतड्यात भरून उन्हात किंवा धुरावर वाळवतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी होते. ज्यांना तो चालतो त्यांनी किलोभर खिम्यात पाव किलो चोरीस आतड्यातून काढून, कुस्करून घालावा. मात्र त्यात मीठ व आंबटपणा आधीच भरपूर असतो. वरचे मीठ निम्मे करावे.

ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी आमची युक्ती अशी. एक किलो खिमा घ्यावा. पाच भागांत एक भाग चरबी असावी, हे खाटकाला तोंडाने सांगावे, कारण चरबीवाचून लादी म्हणजे पाण्यावाचून पंढरपूर. त्यातला एक तृतीयांश खिमा वेगळा काढावा. त्यात सगळे मीठ, म्हणजे सपाट अडीच चमचे, आणि मसाला घालून चार-पाच मिनिटे चांगला मळावा. हाताला चिकटू लागला की तो आपला सॉसेज झाला; आतडे नाही एवढाच फरक. मसाल्यात दोन चमचे बडीशेप जाडसर कुटून, एक चमचा मिरी, एक चमचा सुक्या लाल मिरचीचे तुकडे, दहा पाकळ्या लसूण ठेचून. इटालियन सॉसेजचा जो ओळखीचा वास, तो बव्हंशी बडीशेपेचा. जेवणानंतर आपण तळहातावर घेतो तीच ही. त्यांच्याकडे ओरेगॅनो नावाची वनस्पती घालतात. ती नसल्यास चिमूटभर ओवा चोळून घालावा. दोहोंच्या सुगंधी तेलांत बरेच साम्य आहे. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. अधिक झाला तर लादी न होता पोटदुखीचे औषध होईल.

पावाचे काम काय? पुष्कळांना वाटते की तो केवळ भर घालण्यासाठी. भर तर आहेच. परंतु दुधात भिजलेला पाव मांसाच्या कणांमध्ये जाऊन बसतो, त्यांना एकमेकांशी फार घट्ट जुळू देत नाही, आणि मांसातून सुटलेले पाणी व वितळलेली चरबी स्वतःत धरून ठेवतो. म्हणून बेताने पाव घातलेली लादी नुसत्या मांसाच्या लादीपेक्षा रसदार होते. गरिबीने काढलेली वाट चवीच्या गावाला पोचली ती अशी. शंभर ग्रॅम शिळा पाव, दीडशे मिलिलिटर दूध. सोलापूरकरांनी पावाऐवजी कडक भाकरीचा चुरा घ्यावा, अशी आमची शिफारस आहे. ज्वारीच्या चुऱ्याला मुरायला वेळ लागतो, तेव्हा अर्धा तास भिजू द्यावा, आणि दूध थोडे अधिक घ्यावे. तिला एक खमंग चव येते, ती इटलीत मिळणार नाही.

दोन कांदे बारीक चिरून तेलावर तांबूस परतावे आणि पूर्ण थंड करावे. गरम कांद्याने चरबी आधीच वितळते. तीन टोमॅटो शिजवून आटवून दाट करावे. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके. १४९२ नंतर समुद्र ओलांडून एक इटलीच्या घरी नांदली, दुसरी आपल्या. आज दोघींनाही कोणी परकी म्हणत नाही. चीज असल्यास पन्नास ग्रॅम किसून घालावे. नसल्यास कांदा अधिक परतावा आणि टोमॅटो अधिक आटवावा, म्हणजे चवीची खोली बरीचशी भरून निघते.

आता परातीत भिजलेला पाव, दोन अंडी, कांदा आणि मळलेला तृतीयांश खिमा एकजीव करावा. त्यावर उरलेला दोन तृतीयांश थंड खिमा पसरून बोटांच्या टोकांनी, भेळ कालवावी तसा, हलक्या हाताने मिसळावा. तळहात लावू नये. सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून मीठ पाहावे. कच्चे मिश्रण चाखू नये. मग तेल लावलेल्या थाळीवर चार बोटे उंचीची लांबट लादी थापून वर टोमॅटोचा रस माखावा. ओव्हन असेल तर १८० अंशांवर सुमारे एक तास. बहुतेकांकडे तो नसतो. ओळखीचा बेकरीवाला असल्यास पाव निघाल्यावर उतरत्या भट्टीत थाळी ठेवावी. तेही नसेल तर तेल लावलेल्या डब्यात मिश्रण भरून, झाकण लावून, कुकरची शिट्टी काढून पाऊण ते एक तास वाफवावे. वाफेची आच शंभर अंशांपुढे जात नाही, आणि मांसाला खमंग तांबूस रंग येण्यास पृष्ठभाग कोरडा होऊन त्याहून बरीच अधिक आच लागते. म्हणून वाफवलेली लादी निवल्यावर चकत्या करून तव्यावर दोन्ही बाजूंनी परतावी. चव तेथे येते.

एक सूचना मनावर घ्यावी. सबंध तुकड्याला जंतू असले तर बहुधा वरच्या बाजूला असतात, ते भाजताना मरतात. खिम्यात मात्र वरचे सगळे आत जाते. म्हणून लादीच्या मधोमध आच ७१ अंशांपर्यंत पोचलीच पाहिजे. रंगावर विश्वास ठेवू नये. स्वयंपाकाचा तापमापक महाग नसतो. उतरवल्यावर पंधरा मिनिटे तिला हात लावू नये. आवळलेले तंतू सैल पडतात आणि रस आत मुरतो. लगेच कापली तर सगळा रस थाळीत.

शेवटी मांस कोणाचे, हा प्रश्न. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी झाली आणि मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही. तेव्हा इटालियन पुस्तकातले गोमांस येथे करावयाचे नाही; बोकडाचा, मेंढीचा किंवा म्हशीचा खिमा वापरावा. म्हशीच्या मांसात चरबी कमी, तेव्हा ती वेगळी मागून घ्यावी. मेंढीची चरबी लवकर थिजते, म्हणून ती लादी गरमच वाढावी.

आता शिबिराकडे परत येऊ. पहिल्या वर्षी आम्ही बोकडाचे मांस आणले होते, हलाल केलेले, हेतू असा की सर्वांना चालावे. आमच्या संघटनेत तेलुगू पद्मशाली आहेत, कन्नड लिंगायत आहेत, मुसलमान विणकर आहेत, बौद्ध आहेत, मराठे-धनगर आहेत. इटालियन लादी जशीच्या तशी केली तर तिच्यातील एक मांस अर्ध्या पंगतीला उठवील आणि दुसरे मांस उरलेल्या अर्ध्या. म्हणून सर्वमान्य असे बोकड. शाकाहारी मंडळींना डाळभात. आम्हांस वाटले, समतेचा प्रश्न सुटला. जेवणे आटोपल्यावर एक विडी कामगार भगिनी भांडी घासता घासता म्हणाल्या, “भाऊ, सगळ्यांना चालतं ते करायचं, हे कळलं. पण सोडायचं ते दरवेळी आमच्याच वाट्याला का येतं? घरी आम्ही मोठ्याचं खातो. बोकड आम्हांला परवडत नाही. इथं त्याचं नावसुद्धा काढायचं नाही, म्हणजे आम्ही खातो ते वाईटच, असंच की नाही?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. वेतनाच्या करारावर मालकाशी रात्र-रात्र भांडणारे आम्ही, त्या खरकट्या ताटांपाशी निरुत्तर झालो. ‘सर्वांना चालेल ते’ ह्या गोड शब्दांत कोणाला काय सोडावे लागते, ह्याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या अन्नावर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिले. ते आम्ही नंतर वाचले आणि त्या भगिनीचे बोलणे अधिक कळले.

येथे लॉरेन्सचा धडा. त्या संपात मदतीची व्यवस्था भाषा-भाषांच्या समित्यांनी आपापली केली, आणि स्वयंपाकघरेही वेगवेगळी चालली. संपाची समिती मात्र एक होती. पातेली वेगळी म्हणून संप फुटला नाही. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवून हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या. १९७३ च्या संपात कामगारांजवळ पैसा नाही म्हणून त्यांचीही चूल विझू लागली, तेव्हा कामगार कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यांतही प्रत्येकीची चूल वेगळी, संघटना एक. आणि १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे फाशी गेले. त्यांच्या घरच्या चुली एक नव्हत्या, हे निराळे सांगावयास नको.

तेव्हापासून आमच्या शिबिरात मसाला एकच कुटतो आणि थाळ्या तीन भाजतो : एक बोकडाची, एक म्हशीच्या मांसाची, आणि एक मसुरीची, कडक भाकरीच्या चुऱ्यात बांधलेली. सुऱ्या तीन, वाढपी तीन, पाट्याही तीन, म्हणजे कोणाची फसवणूक होत नाही. तिन्ही थाळ्या एकाच लांब मेजावर उघड्या ठेवतो; कोणतीही मागच्या दाराशी ठेवत नाही. पहिल्या वेळी सहा जण न जेवता घरी गेले. पुढच्या वर्षी त्यांतले चार आले आणि मसुरीची चकती घेऊन बसले. दोघे अद्याप आलेले नाहीत. डुकराचे मांस खाणारे सभासदही आमच्यात आहेत, त्यांची थाळी आम्ही अजून मेजावर आणू शकलो नाही. तो हिशेब बाकी आहे, हे आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

त्या भगिनी हल्ली खिमा कालवण्याचे काम स्वतःकडे घेतात. आमच्या हाताला त्या परातीजवळ येऊ देत नाहीत. म्हणतात, “भाऊ, तुमचा हात जड आहे. तुम्ही भाकरीचा चुरा करा.” आम्ही मुकाट्याने चुरा करतो.